‘आठवत नाही’ म्हणणारा बाप आणि भरताचं नाव



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, शकुंतलोपाख्यान. सोबत छांदोग्य उपनिषद, चौथा अध्याय, चौथा खंड.

शकुंतला म्हटलं की आपल्याला अंगठी आठवते, दुर्वासांचा शाप आठवतो, माशाच्या पोटातून निघालेली खूण आठवते. ते सगळं कालिदासाच्या नाटकातलं. नाटकात राजा खरंच विसरतो, कारण त्याच्या आठवणीवर शापाचं झाकण पडलेलं असतं. म्हणून आपल्याला त्याचा राग येत नाही.

महाभारतात मात्र अंगठी नाही अन् शापही नाही. तिथला दुष्यंत काहीच विसरलेला नाही. पोथी स्पष्ट सांगते की त्याला सगळं आठवत होतं, आणि आठवत असूनच तो भरसभेत ‘आठवत नाही’ म्हणाला. आजचं सगळं चिंतन या एका वाक्यावर आहे. कारण हे वाक्य आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आजही बोललं जातं. पोलीस ठाण्याच्या ओट्यावर, पंचांपुढे, फोनवर, कुठंही. ‘मी नाही त्यातला’ हे त्याचंच आजचं रूप.

कथा थोडक्यात

दुष्यंत शिकारीला निघाला आणि मालिनी नदीकाठच्या कण्वांच्या आश्रमात आला. कण्व फळं आणायला गेले होते. आश्रमात शकुंतला एकटी. तिचं वय पोथीत दिलेलं नाही, पण तिचं बोलणं ऐका: बाबा येतीलच इतक्यात, जरा थांबा, तेच काय ते ठरवतील. हे पोरसवदा मुलीचं बोलणं आहे. राजा थांबला नाही. त्याला गांधर्वविवाहाचं शास्त्र तोंडपाठ होतं. तिनं एकच अट घातली, की होणारा मुलगा तुमच्यामागं राजा झाला पाहिजे. तो हो म्हणाला. ‘तुला न्यायला सैन्य पाठवतो’ असंही म्हणाला, आणि निघून गेला.

सैन्य काही आलं नाही.

मुलगा झाला. सहा वर्षांचा होईतो वाघ-सिंहांना धरून झाडाला बांधायला लागला, म्हणून आश्रमातल्यांनी त्याचं नाव सर्वदमन ठेवलं. मग कण्वांनी शिष्यांबरोबर मायलेकरांना हस्तिनापूरला पाठवलं. सभेत उभं राहून ती म्हणाली, हा तुमचा मुलगा, दिलेला शब्द पाळा. तेव्हा राजा म्हणाला, मला काही आठवत नाही, तू कोण, कुठली?

पुढं तो तिच्या आईवर घसरला. मेनकेची पोर तू, तुझ्या शब्दाचा काय भरवसा, बायका खोटंच बोलतात, जा इथून. मंडळी, हा क्रम नीट लक्षात ठेवा. आधी ओळख नाकारायची, मग चारित्र्य काढायचं, मग आईबापाचं घराणं काढायचं. हजारो वर्षं झाली, क्रम काही बदलला नाही.

तिची सुरुवात कुठून झाली

शकुंतला स्वतःच टाकलेलं मूल होती, हे आपण पटकन विसरतो. विश्वामित्र आपल्या वाटेनं गेले, मेनका आपल्या वाटेनं गेली, आणि नदीकाठी पडलेल्या त्या तान्हुलीला पक्ष्यांनी राखलं. शकुंत म्हणजे पक्षी, त्यावरून तिचं नाव. कण्वांनी तिला उचलून घरी आणलं आणि लेक मानलं.

कण्वांचं एक म्हणणं इथं येतं. त्याचा भावार्थ असा, की देह देणारा, जीव वाचवणारा आणि अन्न देणारा, असे तिघंही बापच. आपल्या गावांत हा दुसरा आणि तिसरा बाप घरोघरी दिसतो. कुठं तो आजा असतो, कुठं मामा. कुठं आजीच दोन्ही होते. कापूस वेचायला जाताना नातवाला पाठीशी बांधून नेणारी आजी मी डोळ्यांनी पाहते. त्या घराला ‘बाप नसलेलं घर’ म्हणणाऱ्यानं कण्वांचं हे बोलणं एकदा वाचावं.

आपल्याकडच्या शकुंतला

आता जरा पोथी मिटून बाहेर पाहू. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला झरी जामणी, केळापूर, मारेगाव, वणी, घाटंजी हे तालुके. पैनगंगेपलीकडं तेलंगणा. या पट्ट्यात कोलाम, गोंड, परधान लोकांच्या वस्त्या आहेत. कोलामांच्या वस्तीला आपण पोड म्हणतो. राज्यात केंद्र सरकारनं विशेष दुर्बळ ठरवलेल्या आदिवासी जमाती तीनच आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि आपले कोलाम.

याच भागातून ‘कुमारी माता’ हा शब्द कित्येक वर्षांपासून वर्तमानपत्रांत येतो आहे. विधिमंडळात त्यावर प्रश्न झाले, पाहण्या झाल्या, योजनांची नावं निघाली. गोष्ट मात्र जवळपास तीच असते. कामाच्या निमित्तानं बाहेरून आलेला कोणी ठेकेदार, व्यापारी, गाडीवाला. नाहीतर शेजारच्या गावातलाच पोरगा. लग्नाचा शब्द. मुलगी पंधरा, सोळा, सतरा वर्षांची. दिवस गेल्याचं कळलं की फोन बंद. नंतर त्याचं दुसरीकडं लग्न लागतं, डीजे वाजतो, अन् तिच्या कडेवर लेकरू असतं.

‘कुमारी माता’ या शब्दाकडं जरा पाहा. तिच्यासाठी आपण शब्द घडवला. त्या बापासाठी आपल्याकडं शब्दच नाही. सरकारी कागदात नाही, गावच्या बोलीत नाही. तिचं नाव यादीत चढलं, तो यादीबाहेर राहिला. दुष्यंताच्या सभेत बसलेल्या लोकांनीही बहुतेक असंच केलं असेल. पोथीत ते काही बोलल्याचं दिसत नाही.

कोलामांचे देव वेगळे, त्यांची रीत वेगळी. आपली पोथी त्यांच्यावर लादायला मी हे लिहीत नाही. पोथी आपण वाचतो, तर तिचा बोध आधी आपल्याला लागू होतो, कारण सभेत बसलेले आपण आहोत. आणि ही वेळ फक्त पोडावरच्या मुलीवर येते असंही नाही. यवतमाळ शहरात, दारव्ह्यात, पुसदमध्ये, चांगल्या खात्यापित्या घरांतही येते. फरक इतकाच की तिथं रातोरात मावशीच्या गावाला पाठवायची सोय असते.

पहिला बोध: मागणं लेकरासाठी असावं

राजानं नाकारल्यावर शकुंतला आधी लाजेनं खांबासारखी ताठ उभी राहिली. मग डोळे लाल झाले, ओठ थरथरले. तिनं राग आवरला आणि बोलायला लागली. काय बोलली? ‘मला परत घ्या’ म्हणून ती रडली नाही. तिचं म्हणणं असं: तुम्हाला माहीत आहे, तुमच्या हृदयाला माहीत आहे. आपण एकटेच होतो असं माणसाला वाटतं, पण आत बसलेला एक जुना साक्षी सगळं पाहतो. सूर्य, चंद्र, वारा, धरती, दिवस आणि रात्र, सगळे साक्षी असतात. माझं राहू द्या, या मुलाला टाकू नका.

मंडळी, इथं दोन नाती आहेत, आणि आपण त्यांची गाठ मारून ठेवतो. एक तिचं आणि त्याचं. ते तुटू शकतं, तुटलेलं बरंही असू शकतं. दुसरं लेकराचं आणि त्याचं. ते लेकरानं मागितलेलं नाही, म्हणून ते तोडायचा हक्क बापाला नाही. पहिलं संपलं म्हणून दुसरं संपत नाही.

आमच्या सायंप्रार्थनेनंतरच्या वाचनाला येणारी एक ताई एकदा म्हणाली, ‘बाई, त्याच्याकडून पैसे मांगाची मले लाज वाटते. लोक म्हनतीन, पैशासाठीच केलं इनं.’ मी तिला हेच सांगितलं. तू मागतच नाहीस. मागतं ते तुझं लेकरू, तू फक्त त्याचं तोंड आहेस. त्याला अजून अर्ज लिहिता येत नाही ना, म्हणून.

दुसरा बोध: ‘भरत’ म्हणजे काय

शकुंतला शेवटी म्हणाली, तुम्ही खोट्यालाच धरून बसणार असाल तर मी जाते, तुमच्याशिवायही माझा मुलगा पृथ्वी सांभाळेल. आणि ती वळली. ती वळल्यावर आकाशवाणी झाली. देवांनी राजाला सांगितलं, हा तुझाच मुलगा, शकुंतला खरं बोलली आहे, याचं भरण कर. आणि आमच्या सांगण्यावरून तू याचं भरण करायचं आहेस, म्हणून याचं नाव भरत असू दे.

‘भृ’ म्हणजे पोसणं, सांभाळणं, भार उचलणं. त्यातून भरण, त्यातून भरत. आपण या देशाला भारत म्हणतो, भरताच्या नावाचा अभिमान सांगतो. ते नाव कोणत्या लढाईतून आलं नाही, सिंहाचे दात मोजण्यातून आलं नाही. नाकारणाऱ्या बापाला मिळालेल्या पोटगीच्या आदेशातून ते आलं. आदिपर्वात ही गोष्ट आहे, कोणीही उघडून वाचावी.

आणि कोर्टाच्या कागदावर आज शब्द कोणता असतो? भरणपोषण. तोच धातू, तोच अर्थ. तेव्हा एखाद्या ताईनं भरणपोषणाचा अर्ज केला तर ‘कोर्टकचेरीची बाई’ म्हणून नाक मुरडण्याआधी आपण कोणाच्या नावाचा जयजयकार करतो ते आठवावं.

तिसरा बोध: ‘मला माहीत होतं’

आकाशवाणी झाल्यावर दुष्यंत काय म्हणाला? मलाही माहीत होतं हा माझाच मुलगा आहे, पण नुसत्या हिच्या बोलण्यावर घेतला असता तर लोकांनी शंका घेतली असती. म्हणजे लोकांच्या भीतीनं त्यानं सहा वर्षांच्या लेकरासमोर त्याच्या आईला खोटी ठरवलं. पोथी त्याला इथं फार बोलत नाही. मला मात्र हे बोलणं दरवेळी टोचतं. लेकरू सगळं ऐकत होतं ना!

आपल्या गावातही सगळ्यांना माहीत असतं. कोणाचं लेकरू, कोणाचा चेहरा, कोणत्या महिन्यात कोणाची गाडी कुठं उभी राहायची, सगळं. पारावर कुजबुजायला आपण पुढं असतो, आणि साक्ष द्यायची वेळ आली की आपल्यालाही ‘आठवत नाही’. आज आकाशातून आवाज येणार नाही. आता तो आवाज ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या माणसाचा असतो, खरी नोंद करणाऱ्या अंगणवाडी सेविकेचा असतो, ‘हो, मी पाहिलं’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचा असतो.

पोळ्याला येणारा बाप

पूर्ण पाठ फिरवणारा बाप एका परीनं सोपा. कठीण असतो तो मधूनमधून येणारा.

एका घरची गोष्ट सांगते, गाव सांगत नाही. मुलगी सतराव्या वर्षी आई झाली. पोरगा शेजारच्या गावचा, पुढं त्यानं दुसरीकडं संसार मांडला. चार वर्षं ना पैसा, ना चौकशी. एका वर्षी तान्ह्या पोळ्याला अचानक मोटरसायकलवर आला, लेकराला चाकांचा लाकडी बैल दिला, फोटो काढला आणि गेला. सगळी आळी म्हणाली, ‘आला त खरा बिचारा!’ त्या एका बैलावर चार वर्षांचा हिशोब फिटला. पुढच्या तान्ह्या पोळ्याला लेकरू सकाळपासून तोच बैल धुऊनपुसून, झूल घालून ओट्यावर बसलं. बाकी पोरं आपापले बैल घेऊन मारुतीच्या देवळाकडं गेली. हे जागचं हललं नाही. ‘बाबा येईन, मंग जाऊ.’ दुपार झाली. शेवटी आजा उठला, दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाला, ‘चाल बापू, आपला बैल मागं नाही राहाले पायजे.’

आईनं मला नंतर विचारलं, ‘बाई, याले भेटू देऊ का नाही? नाही म्हनलं त मी वाईट, हो म्हनलं त लेकरू वाट पाहून पाहून मरते.’

याला पोथीत तयार उत्तर नाही. वाचून आणि पाहून मला जे उमगलं ते सांगते.

जिथं मुलीवर जबरदस्ती झाली असेल, मारहाण किंवा धमकी असेल, तिथं भेटीचा प्रश्नच नाही. आधी आई आणि लेकरू सुखरूप, बाकी सगळं मग. तिथं ‘काही झालं तरी बाप आहे’ हे कोणी म्हणू नये.

जिथं तसं नाही, तिथं पैसा आणि भेट यांना एकमेकांच्या बदल्यात ठेवू नये. ‘पैसे दे मग भेट’ म्हटलं की लेकराचा बाजार होतो. ‘भेटायला येतो ना, मग पैसे कशाला’ म्हटलं की लाकडी बैलाची पोटगी होते. दोन्ही लेकराचे हक्क आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

भेट ठरवून व्हावी. वार आणि वेळ ठरवावी, घरातलं मोठं माणूस जवळ असावं. लेकराला आदल्या दिवशी सांगू नये, माणूस दारात आल्यावर सांगावं. मग वाट पाहणं त्याच्या वाट्याला येत नाही. आणि लेकरासमोर बापाला शिव्या देऊ नयेत. राग खोटा असतो म्हणून नाही. लेकराचं नाक, कपाळ, चाल त्याच्यासारखी असते, अन् शिवी नेमकी तिथं जाऊन लागते.

कुंती आणि जाबाला

आपल्या पोथ्यांत लग्नाआधी आई झालेल्या आणखी दोघी आहेत. त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहा.

कुंती लोकलाजेला भ्याली. कोवळी पोर, सांगणार कोणाला? तिनं कर्णाला पेटीत ठेवून नदीत सोडलं आणि गोष्ट पोटात ठेवली. कर्ण आयुष्यभर ‘तू कोणाचा’ या प्रश्नाचे टोमणे खात राहिला. ती बोलली ती युद्ध दारात आल्यावर. तोवर उशीर झाला होता. दोष मी कुंतीला देत नाही. ज्या समाजात मुलीला सांगायला जागाच नसते, तिथं पेट्या नदीत सुटणारच.

म्हणूनच 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं ही त्यांची खुशी. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंसोबत रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. त्या सेवेतच सावित्रीबाई गेल्या. नदीत सुटू शकली असती अशी एक पेटी कोणीतरी दार उघडून आत घेतली, तर काय होतं ते पाहा.

दुसरी जाबाला. तिचा मुलगा सत्यकाम गुरूकडं शिकायला निघाला तेव्हा त्यानं विचारलं, आई, माझं गोत्र काय? आपल्या शाळेच्या अर्जावरचा रकानाच समजा. जाबालेनं कोणतंही गोत्र जुळवून सांगितलं नाही. ती म्हणाली, तरुणपणी मी लोकांकडं कामधंदा करत फिरत होते, तेव्हा तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जाबाला, तुझं नाव सत्यकाम. तू आपला सत्यकाम जाबाल असं सांग. मुलानं गौतम ऋषींना जसंच्या तसं सांगितलं. ऋषी म्हणाले, तू सत्याला सोडलं नाहीस, समिधा घेऊन ये, तुला शिकवतो. आणि चारशे रोड गाई त्याच्या हवाली केल्या.

इथं गुरूही तितकाच मोठा आहे. त्यानं रकाना रिकामा पाहून पोराला परत धाडलं नाही.

लेकरू विचारतं, ‘माझा बाबा कुठं आहे?’ तेव्हा जाबालेसारखं थोडकं आणि खरं सांगावं. ‘तो आपल्यासोबत राहत नाही. ते त्याचं ठरवणं होतं. त्यात तुझी काही चूक नाही. आपल्या घरी मी आहे, आजी आहे, आबा आहे.’ परदेशी गेला, वारला, असं काही सांगू नये. गावात खरं सांगायला दहा तोंडं टपलेली असतात. मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा वयाप्रमाणं पुढचं सांगावं.

व्यवहाराच्या गोष्टी

भक्तीच्या लिखाणात कायदा कशाला, असं कोणी म्हणेल. आकाशवाणी झाली नसती तर भरताचं पोट कोणी भरलं असतं? म्हणून हेही वाचा आणि गरजू मुलीच्या कानावर घाला.

मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची ‘मर्जी होती’ हे कायदा मानत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणं तो गुन्हा आहे, आणि कळलेल्या माणसानं तो कळवणं बंधनकारक आहे. पंचांनी बसून पैशांत मिटवणं किंवा घाईनं लग्न लावून देणं हा त्यावर उतारा नाही. अठराच्या आत लग्न लावणं हा आणखी एक गुन्हा.

लग्न झालेलं असो वा नसो, लेकराच्या भरणपोषणाची जबाबदारी बापावर आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं करायचा. तो ‘माझं नाही’ म्हणाला तर न्यायालय डीएनए तपासणीचा आदेश देऊ शकतं. नदीपलीकडं तेलंगणात राहतो म्हणून तो सुटत नाही, कायदा तिथंही हाच आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करायची.

जन्मदाखल्यासाठी बापाच्या मागं फिरायची गरज नाही. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अविवाहित आईनं दाखला मागितला तर तिचं शपथपत्र पुरे आहे, आणि बापाचं नाव उघड न करताही ती पालक होऊ शकते. आपल्या राज्यात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या कागदपत्रांत आईचं नाव घालणं सक्तीचं झालं आहे: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. जाबालेचं म्हणणं सरकारदरबारी पोचायला किती काळ गेला पाहा!

एकट्या पालकाच्या लेकरासाठी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. संकटात लेकरांसाठी 1098 आणि बायांसाठी 181 हे फोन नंबर ध्यानात ठेवावेत.

आणि एक साधी शंभर पानी वही करावी. तो कधी आला, काय दिलं, काय बोलला, तारीख घालून लिहावं. दवाखान्याची चिठ्ठी, शाळेची पावती त्यातच ठेवावी. फोनवरचे संदेश पुसू नयेत. शकुंतलेकडं सूर्यचंद्र साक्षीला होते, आपल्याकडं वही असावी.

आजचा नेम

ताई, तू स्वतः या वाटेवर असशील तर आज एकच कर. लेकराला जवळ घे आणि त्याला त्याच्या पूर्ण नावानं हाक मार, तुझं नाव जोडून. ऐकायला कसं वाटतं ते बघ.

आपण बाकीचे सभेतले लोक. आपल्याला नेम तीन. लेकराला ‘तुझा बाप कोण’ हे विचारायचं नाही. त्याच्या आईबद्दल कुजबुज सुरू झाली की उठून जायचं, नाहीतर तोंडावर थांबवायचं. आणि जे आपण पाहिलं, जे आपल्याला माहीत आहे, ते विचारणाऱ्या अधिकाऱ्यापुढं खरं सांगायचं.

ज्यांच्या घरात मुलगा आहे त्यांना चौथा नेम. त्याला आजच दुष्यंताची गोष्ट सांगा, अंगठीची नको, महाभारतातली सांगा. शब्द देऊन फिरलास तर आम्ही तुझ्या बाजूनं सभेत बसणार नाही, हे त्याला घरातच कळू द्या.

प्रार्थना

हे अंतर्यामी साक्षी देवा, माणूस ‘आठवत नाही’ म्हणतो तेव्हाही तुला सगळं आठवतं. कोवळ्या वयात आई झालेल्या माझ्या लेकीबहिणींच्या पाठीशी उभा राहा. त्यांना मागायची लाज वाटू देऊ नकोस, आणि न मिळाल्यास मोडूही देऊ नकोस. त्यांच्या लेकरांना गौतमांसारखा गुरू, कण्वांसारखा आजा मिळू दे. जे पाठ फिरवून गेले त्यांच्या छातीत त्यांचीच आठवण जागी ठेव. आणि आम्हा सभेतल्या लोकांची वाचा जाऊ देऊ नकोस.

उद्या आदिपर्वातलं पुढचं आख्यान घेऊ, ययातीचं. वाचून या.

जय गुरु!